नव्या भाताचे पोहे

आमच्या बापूजींना भातातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्यांनी मुरबाडला पोह्यांची गिरणी काढली. हे मी कौतुकानं सांगते आहे. कच्छात आमच्या गावी पिकायची ती बाजरी, तीही पावसाच्या मनात आलं तर. तिथून निघालेला हा माणूस सात वर्षं शहापूरपासून टोकावड्यापर्यंत पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन फिरला. दिवाळी जवळ आली की घरोघरी बायका उखळात पोहे कांडताना त्यानं पाहिल्या आणि ठरवलं, हे काम यंत्रानं करायचं. झालं, मग ऐकतो कुणाचं!

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ती वर्षं. कल्याणहून बैलगाडीतून ऑइल इंजिन आलं, तेव्हा मी वेशीपासून गाडीपुढं धावत आले. लग्नाला आलेली मुलगी रस्त्यानं धावते म्हणून बा, म्हणजे माझी आई, चिडली. पण तिचीही नजर इंजिनावरून हलत नव्हती. इंजिनानं एक जड लोखंडी चाक फिरायचं. भिजवून भाजलेलं भात गरम असतानाच त्या चाकाखाली घातलं की चपटं होऊन पोहे बाहेर पडणार, असं बापूजी येईल त्याला सांगत. पडलेले मात्र अजून कुणी पाहिले नव्हते.

बानं त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. दिवाळीला गिरणीचे पोहे निघाले तर इथं राहायचं, नाहीतर इंजिन विकून सगळ्यांनी कच्छात काकांच्या दुकानात परत जायचं. मला जायचं नव्हतं. मला कच्छ आठवतही नव्हतं. मी सिद्धगडाकडं बघत लहानाची मोठी झालेली. त्यामुळं ती गिरणी जेवढी बापूजींची होती तेवढीच माझीही होती, आणि रोज सकाळी मी देवाच्या आधी इंजिनाला हात लावत होते.

भट्टीच्या कामाला गावाबाहेरच्या वाडीतल्या सहा बायका ठरल्या. त्यांची म्होरकी एक म्हातारी, अंगानं काटकुळी आणि तोंडानं तिखट. दसरा झाल्याबरोबर बापूजी धसईच्या बाजारातून दोन गाड्या हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं, नुकतंच झोडलेलं भात घेऊन आले. सगळ्यांच्या आधी माल आणला म्हणून छाती फुगली होती. बायका आल्या, त्यांनी पोती पाहिली, आणि पदर सावरून बाहेरच बसल्या.

"काय झालं?" बापूजींनी विचारलं.

"भात नवं हाय, शेट," म्हातारी म्हणाली. "आमच्या गावाचं नवं अजून झालं नाय."

नवं पीक आधी गावदेवीला दाखवायचं, आणि तो दिवस देवीचा भगत ठरवणार. तोवर नव्या दाण्याला गावातलं कुणी तोंड लावत नाही, की कांडायला-भाजायला हात लावत नाही. भगतानं दिवस दिला होता तो अगदी दिवाळीच्या तोंडावर.

"पण हे भात धसईचं आहे. त्यांचं नवं झालंय," बापूजी म्हणाले. आपण मोठा मुद्दा काढला असं त्यांना वाटलं.

"भात त्यांचं, पन हात आमचे," म्हातारी म्हणाली आणि उठली. तिच्यामागं पाचही जणी गेल्या.

बापूजींचं डोकं फिरलं. म्हणाले, घरच्या घरी करू. त्यांनी कुणाकडून तरी जुन्या भाताचा हिशेब ऐकून ठेवला होता, इतके तास भिजवा, इतकं भाजा. भिंतीवर घड्याळ टांगून त्यांनी तोच हिशेब नव्या, आधीच ओलसर भाताला लावला. चाकाला सगळा लगदा चिकटला. दुसऱ्या घाण्याला त्यांनी चिडून दुप्पट भाजायला लावलं, तर नुसता भुगा. माझ्या हाताला फोड आले. बा घरात गेली आणि प्रवासाची मोठी पेटी ओढून पुसायला लागली.

ती पेटी पाहिल्यावर माझा तोल गेला. जन्मात पहिल्यांदा मी बापूजींवर ओरडले. "तुम्हाला भात कळत नाही. त्या बायकांना कळतं. जाऊन विचारा ना!" आता थोबाडीत बसणार म्हणून मी गाल तयार ठेवला होता. पण त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि वाडीची वाट धरली. मीही मागोमाग.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "भगताला सांगून नवं अलीकडं घेऊ. भातं कापून झालीच हायती. पन गिरणीचं नव्या भाताचं सूप देवीफुडं आलं पायजे."

बापूजी हो म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. देवीला कोंबडं लागतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि आमच्या घरात मुंगीलाही वाट देत.

"तुमचा नारळ चालंल, शेट," म्हातारी हसून म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी सगळा गाव देवीपुढं जमला. एकेका घराच्या गेलेल्या वडीलधाऱ्याचं नाव घेऊन भगत पुकारी, अमक्याचं घर, आणि त्या घरचा माणूस सूप घेऊन पुढं होई. बापूजी शेवटी उभे होते. नावं संपली, भगत नारळ उचलायला वाकला, आणि आमचं सूप बापूजींच्या हातातच.

"गिरणीवाल्यांचं ऱ्हायलं," म्हातारी मोठ्यानं म्हणाली.

भगतानं मान वर केली. "कोनाचं घर म्हनू? तुमच्या म्हाताऱ्याचं नाव सांगा."

आजोबा गेले तेव्हा बापूजी इकडं डोंगरात कापड विकत फिरत होते. पत्र महिन्यानं पोचलं. तेव्हापासून घरात त्यांनी वडिलांचं नाव काढलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आता त्यांनी ते घेतलं, घशातल्या घशात. भगत म्हणाला, मोठ्यानं सांगा. मग बापूजींनी ते असं सांगितलं, की मागच्या बायकांनीही माना वळवल्या. भगतानं पुकारलं आणि बापूजी सूप घेऊन पुढं झाले. माझ्या आजोबांचं नाव बापूजींच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथं. पुढं लढाईच्या टंचाईत माझे धाकटे भाऊ गिरणी बघू लागले, तेव्हाही दरवर्षी ते पुकारलं जायचं.

त्याच दुपारी बायका भट्टीवर होत्या. म्हातारीनं घड्याळाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती भिजलेला दाणा दाताखाली धरी आणि नकाराची मान हलवी. तिसऱ्या दाण्याला म्हणाली, "आता काढा." भात वाळूत तडतडलं, चाळलं, चाकाखाली गेलं, आणि पोहे आले. पातळ, पांढरे, गरम पोहे! मी ओंजळ भरून घराकडं धावले. बानं चिमूटभर तोंडात टाकले, सावकाश चावले आणि म्हणाली, "काकांना पत्र लिहायला सांग. म्हणावं, येत नाही."

आम्ही दोघी गिरणीत आलो, तेव्हा म्हातारी पहिल्या पोह्यांची मूठ पळसाच्या पानावर वेगळी काढत होती. देवीचा वाटा समजून बापूजींनी हात जोडले.

"देवीचं सकाळीच झालं," ती म्हणाली. "हे तुमच्या म्हाताऱ्याचं."