सहावा खांदा

आयर्लंडमधल्या किलकेनीपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव म्हणजे एक चर्च, एक पब आणि एक पेट्रोल पंप. दूध, टपाल आणि गावभरच्या बातम्या पंपावरच मिळतात. कोण वारलं ते सकाळी रेडिओवर सांगतात आणि दुपारपर्यंत त्या घरी सँडविचेसचा ढीग लागतो. मी औषधांच्या प्लांटमध्ये इंजिनियर, इथला एकमेव मराठी माणूस. तरी आमची गाडी चिखलात रुतली तेव्हा शेजारचे म्हातारबाबा न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आले होते.

पुढे ते वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. अशा वेळी इथे शवपेटी शेजारीच उचलतात. त्यांच्या बायकोने माझ्या दंडावर हात ठेवून सांगितलं, "सहा जण लागतात. सहावा तू." मी हो म्हणालो. खरं तर मला भरून आलं होतं.

घरी आई बाळंतपणासाठी नागपूरहून आली होती. ती म्हणाली, "बायको पोटुशी आहे ना बाप्पा. खांदा नाही द्यायचा." मी वाद घातला, पण बायकोचा उतरलेला चेहरा पाहून गप्प बसलो. म्हातारीला फोन करून शिफ्ट आहे अशी थाप मारली. खरं कारण सांगायची शिकल्यासवरल्या माणसाला लाज वाटली.

अंत्ययात्रा आमच्याच दारावरून गेली. माझी गाडी अंगणात उभी होती आणि मी पडद्याआड. माझ्या जागी निवृत्त पोस्टमन होता, गुडघ्याने अधू, पेटीखाली लंगडत चाललेला. गाडी सगळ्यांनी पाहिली असणार, या गावात काही लपत नाही. पण कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी माझा कचऱ्याचा डबा कुणीतरी नेहमीसारखा आत आणून ठेवला होता. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. आईचं ऐकल्याचं मला वाईट वाटत नाही, खोटं बोललो ते अजून सलतं.

मुलगी झाली, आई परत गेली, आणि पुढच्या हिवाळ्यात तिकडे नागपुरात माझे बाबा अचानक गेले. मी एकुलता एक, पण पहिलं मिळेल ते विमान धरूनही वेळेत पोचलो नसतो. तिकडे माझ्यासाठी अंत्यविधी थांबवणं शक्य नव्हतं. सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं.

संध्याकाळी दार वाजलं. म्हातारी सँडविचेस आणि ॲपल टार्ट घेऊन आली होती. बातमी तिला पंपावर कळली असणार, पण सुतकात आमच्याकडेही चूल पेटवत नाहीत हे तिला ठाऊक नसावं. तिने स्वतःच चहा केला, माझ्यासमोर बसली, बाबांबद्दल बरंच विचारलं. मग हळूच म्हणाली, "तू तर इथे. त्यांना खांदा कुणी दिला?"

"शेजाऱ्यांनी," मी म्हणालो, आणि पुढे मला तिच्याकडे बघवेना.