प्लास्टरवरचे अंगठे

भिवंडीच्या बातम्यांचं माझं एक पेज आहे. त्यावरच्या कमेंट मी स्वतःच्या हाताने बंद केल्या आणि मग कोणी बोलत नाही म्हणून रुसून बसलो.

झालं असं, आम्हा पेजवाल्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. चहा पाजला. साहेब मवाळ आवाजात म्हणाले, "आम्ही काही बंद करा म्हणत नाही. तुमचं तुम्हीच समजून घ्या."

नक्की काय समजून घ्यायचं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. बाहेर टपरीवर आम्हीच आमची समिती नेमली. आदेश यायच्या आधीच ज्याने त्याने आपलं पेज साफ करायचं. मी आधी मोर्चाचे फोटो उडवले, मग खड्ड्यांचे, मग टेमघर वस्तीत पाणी आलं नाही ती बातमीही. तरी धाकधूक जाईना. खाली लोक काय लिहितील, काय भरवसा? केल्या कमेंटच बंद. समितीने पाठ थोपटली.

घरात मी एकटा. बायको गेल्यापासून संध्याकाळची सोबत म्हणजे ही कमेंटवाली मंडळी. नारपोलीचा एक पॉवरलूमवाला तर लाइट गेली की माझ्याच नावाने शंख करायचा, "ओ संपादक, लाइट खाल्ली का?" मी उत्तर द्यायचो, तो परत डिवचायचा. तेवढ्यात माझं जेवण होऊन जायचं. आता ताट पुढ्यात आणि पेज एकदम चिडीचूप.

त्यात जिन्यावरून घसरून पाय मोडला. प्लास्टरचा फोटो टाकला, मोबाइल उशाशी घेऊन पडलो. आले ते नुसते अंगठे. मोडक्या पायाला अंगठे दाखवतात! मी मनातल्या मनात अख्ख्या शहराशी कट्टी घेतली. कमेंट आपणच बंद केल्यात, हे डोक्यात आलंच नाही.

एका दुपारी दार वाजलं. अनोळखी माणूस, हातात केळी.

"ओ संपादक, पाय खाल्ला का?"

लूमवालाच! पत्ता विचारत आला होता. मी लगेच गाऱ्हाणं मांडलं, "एवढं झालं, कोणी एका शब्दाने विचारलं नाही."

"विचारनार कुठं? कमेंट चालूच न्हाय तुमची. ठाण्यात बोलावलं व्हतं म्हनं. साहेब बोलले बंद करा?"

"तसं बोलले नाहीत..."

"मंग?"

मी केळं सोलू लागलो.

"हवालदाराला पगार तरी मिळतो, संपादक," तो म्हणाला. "तुमी फुकटात सोताला आत टाकलंय."