जारलिकची टोपी आणि दोरोनबेकचा दिवा

माझी बायको उलकान नारीन गावात विजेची कामं करते आणि मी शिडी धरतो. बत्तीस वर्षं झाली. लोक हसतात, हसू देत. बायको वर आणि नवरा खाली ही व्यवस्था आमच्याकडे लग्नापासूनच आहे, शिडी नंतर आली.

लोकरीच्या गिरणीत ती हे काम शिकली. गिरणी बंद पडली, हिचं तोंड चालूच राहिलं. माणसंसुद्धा ती बटणांवरून ओळखते. साधं बटण तार जोडतं नाहीतर तोडतं, म्हणजे हो किंवा नाही. अशी माणसं तिला आवडतात. दारावरच्या घंटीचं बटण दाबलं तेवढाच वेळ काम करतं, तो मी. तिसरं जिन्यातलं, टू-वे. बटणं दोन, दिवा एक, कुठल्याही टोकाने लावा किंवा विझवा. "त्यात आपली दांडी वर आहे की खाली, हे बघून काही कळत नाही," ती म्हणते. "पलीकडच्याची दांडी कुठे आहे ते विचारावं लागतं."

आमच्याच गल्लीत दोरोनबेक राहतो. अकरा वर्षांपूर्वी एका मेजवानीत मेंढीचं डोकं मानाने त्याच्यापुढे यायचं, ते चुकून धाकट्या भावापुढे, जारलिकपुढे ठेवलं गेलं. आणि त्या शहाण्याने ते खाल्लं! झालं. घरातल्या मोठ्या खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. खिडकी जारलिककडे गेली, दिवा दोरोनबेककडे. तेव्हापासून थोरल्याच्या खोलीत भरदुपारीही दिवा लागतो आणि भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत.

पण दिवा मनाला येईल तेव्हा जायचा. वसंतात दोरोनबेकच्या मुलीला, अकमोरला बघायला पाहुणे आले. चहा ओतता ओतता अंधार. मुलाची आई म्हणाली, या घराला कोणाची तरी नजर लागलीय, आणि मंडळी उठली. आता रविवारी दुसरी येणार होती. मुलाची आई अकमोरच्या कानात कानातली घालणार, म्हणजे सोयरीक पक्की. पोरगी रडून रडून अर्धी झाली होती.

शुक्रवारी दोरोनबेकने आम्हाला बोलावलं. हिला तो एजे, म्हणजे ताई म्हणतो. "उलकान-एजे, काहीही कर, पण रविवारी हा दिवा जायला नको."

"कधी जातो?"

"त्याच्या मनात येईल तेव्हा. बटण दाबलं की परत लागतो."

"म्हणजे बल्ब मेलेला नाही," उलकान म्हणाली. "अहो, शिडी!"

तिने होल्डर हलवून पाहिला, घट्ट. वायरला झटका दिला, दिवा लुकलुकलासुद्धा नाही. मग मेन बंद करून बटणाचं झाकण काढलं आणि आतल्या तारा दोनदा मोजल्या. ही काही दोनदा मोजायला लागली की मला धडकी भरते.

"साध्या बटणाला तारा दोन असतात. इथे तीन आहेत. याचा जोडीदार कुठे आहे?"

दोरोनबेक भिंतीकडे बघत राहिला. खोली एक होती तेव्हा दारं दोन होती आणि प्रत्येक दाराशी एक बटण होतं, हे त्याला अकरा वर्षांनी आठवलं. धन्य आहे!

मेन चालू करून, दोरोनबेकला दिव्याखाली बसवून आम्ही पलीकडे जारलिककडे गेलो. चहा आणि तळलेल्या पिठाचे बोरसोक पोटात गेल्याशिवाय जारलिक बोलू देईना. भिंतीजवळ जुनं दांडीचं बटण होतं आणि दांडीवर त्याची पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी.

"बंद पडलंय ते," जारलिक म्हणाला. "टोपी जमिनीवर ठेवता येत नाही, म्हणून तिथे अडकवतो."

"रोज?"

"घरी आलो की अडकवतो, निघालो की काढतो."

मी हसायला लागलो तसा उलकानने माझ्या पायावर पाय दिला. टोपी अडकवताना दांडी खाली, काढताना वर. हा माणूस अकरा वर्षं येताजाता भावाचा दिवा लावत-विझवत होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

"आता तपासायला हवं," ती म्हणाली. "जारलिक, दांडी वर कर आणि ओरडून विचार. माझा घसा बसलाय." घसा! तासापूर्वी तिने मला चौकापर्यंत ऐकू जाईल असं झापलं होतं.

जारलिक लाल झाला. खाकरला. शेवटी भिंतीला तोंड लावून म्हणाला, "गेला का?"

मग पलीकडून, "गेला."

"आता?"

"लागला."

"आता?"

"अरे गेला, गेला!"

एवढ्यावरच तपासणी संपली होती. पण दोघं थांबेनात. पाऊण तास त्यांचं लागला-गेला चाललं. शेवटी दोरोनबेक ओरडला, "बस कर गाढवा, बल्ब उडेल!" जारलिकने डोळे पुसले आणि तंबाखू गेली डोळ्यात म्हणाला. तो तंबाखू खात नाही.

उलकानने परत येऊन पक्कड काढली. "इथल्या दोन तारा एकत्र जोडून बटण साधं करते. पाच मिनिटं. मग रविवारची काळजी नाही. करू?"

दोरोनबेकने मुलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "राहू दे. उगाच भिंत फोडावी लागेल."

त्यासाठी भिंतीला हातही लावावा लागणार नव्हता. हे त्यालाही कळत होतं.

"मग भावाला रविवारचं आमंत्रण दे."

"मी कशाला देऊ? भिंतीतून सगळं ऐकू येतं त्याला."

हट्टी मेला! घरी जाताना मी उलकानवर चिडलो. पोरीचं लग्न त्या टोपीवर टांगून आलीस, म्हटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिने शिडीचं दुसरं टोक उचललं.

रविवारी आम्हीही पंगतीला होतो. मानाच्या जागी कोणी बसलं नव्हतं, मेंढीचं डोकं तिथे तसंच ठेवलेलं. मुलाच्या आईने डबी उघडली, चांदीची कानातली काढली, अकमोरचे केस मागे सारले.

दिवा गेला.

"या अल्ला!" कोणीतरी म्हणालं. अकमोरचा हुंदका मी ऐकला. दोरोनबेक बटणाला टेकूनच बसला होता, नुसतं बोट लावायचं होतं.

"घाबरू नका, विहीणबाई," अंधारातून त्याचा आवाज आला, जरा कापरा. "दिव्याला काही झालेलं नाही. मुलीच्या काकाने टोपी घातली. तो निघालाय."

आणि दारावर थाप पडेपर्यंत त्याने बटण दाबलं नाही.