गोरं न करणारी स्टिक

आमच्या जालन्यातले एक कॉस्मेटिक्सचे होलसेलवाले दुकानात नवी वस्तू आली की आधी स्वतःच्या गालाला लावतात, मग भाव विचारतात. प्रत्येक वाक्यानंतर "बराबर?" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहतात.

यंदा त्यांनी एका कारखान्यातून स्वतःच्या नावाची सनस्क्रीन स्टिक बनवून घेतली. खोकं माझ्या प्रेसमध्ये छापायचं होतं. मी त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उन्हातही गोरीपान'. दुकानदारांनाही तेच हवं होतं.

"थांबा भाऊ," म्हणत होलसेलवाल्यांनी मला स्कूटरवर बसवलं आणि केदारखेड्याजवळच्या एका बियाण्याच्या प्लॉटवर नेलं. ऊन चढलं होतं. बायका कपाशीच्या एकेका फुलाला हातानं पराग लावत होत्या. त्यांनी त्यातल्या एकीला स्टिक दिली. तिची बोटं परागानं पिवळी झाली होती. तिनं कांडी गालावर फिरवली आणि हसली. "ह्याला हात धुवाया न्हाई लागत की! क्रीमसाठी काम सोडून पाण्याला जावं लागतं, मंग मुकादम ओरडतो."

परतताना ते एकदाही "बराबर?" म्हणाले नाहीत. प्रेसमध्ये येऊन त्यांनी माझी ओळ खोडली आणि लिहिलं, 'काम चालू असताना लावा. हात धुवायची गरज नाही.'

आता प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न येतो, "गोरं करते का?"

"बिलकुल न्हाई. उन्हापासून वाचवते. बराबर?" ते विचारतात, आणि आता मात्र उत्तर येईपर्यंत थांबतात.