बघायचं, भिजायचं न्हाय

त्या दिवशी सकाळी आठलाच डोक्यावरचा पत्रा तडतडायला लागला होता. वारा होता, पण कसला? भाकरी उलथताना तव्यावरनं तोंडावर येतो तसला. लिंबावरचे कावळे चोच उघडी टाकून बसलेले, आणि गल्लीतली कुत्री गटारीला पोट लावून पडलेली. सोलापूरच्या माणसानं उन्हाचं कौतुक सांगू नये म्हणतात. पण त्या दिवशी ऊन पाहुण्यासारखं घरातच येऊन बसलं होतं, आणि जायचं नाव काढत नव्हतं.

आमच्या गल्लीत पाणी साठत नाही, पण किस्से साठतात. पाणी पाचव्या दिवशी, तेही करंगळीएवढं. किस्से मात्र रोज, आणि फुल प्रेशरनं! संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. आता सांगतो ते सगळे याच उन्हाळ्यातले, माझ्या डोळ्यांसमोर घडलेले. लोक ऐकून हसतात. मला अजून हसू येत नाही.

झालं असं, की माझी नात आरू टेंभुर्णीहून सुट्टीला आली होती. आठ वर्षांची. तिनं त्या सकाळी मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. त्यात कुठल्या तरी गावातली पोरं. फरशीला भोकं, भोकातनं पाण्याच्या धारा वर उडतात, आणि पोरं त्यातनं पळतात, ओरडतात. हौद नाही, बुडायची भीती नाही.

"आज्जा, ह्याला स्प्लॅश पॅड म्हणत्यात. आपल्या सोलापुरात हाय?"

"असंल की."

"फुकट?"

"पाण्याला कुटं पैसे लागत्यात, बाळा!"

असा मी शहाणा! वर शब्दही देऊन बसलो, "तू जायच्या आत तुला भिजवून आणतो." माझी उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली. दुनियेची अंगं पुसायची सोय केली. एका पोरीचं अंग ओलं करायचं, त्यात काय अवघड?

* * *

समोरच्या खोलीत रफिक राहतो. रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "टेन्शन नक्को तात्या! नव्या बागेत हाय की तसलं. जमिनीतनं पाणी उडतंय. एंट्री फ्री. बसा, सोडतो."

आरू बसली. शेजारच्या नरसम्माची दोन नातवंडं, पवन आणि तीन वर्षांची चिन्नी, तीही बसली. नरसम्मा दारात विड्या वळत होती. तिनं पोरांकडं न बघताच सांगितलं, "न्या, न्या. तेवढाच डोक्याला थंडावा."

बागेला पोचलो तर फाटकाला कुलूप. आत वॉचमन सावलीला खुर्ची टाकून बसलेला.

"बारा ते पाच बंद."

"का हो?"

"ऊन किती हाय बघताय न्हवं! पोरांना ऊन लागतंय, म्हणून बंद."

"अहो, ऊन लागतंय म्हणून तर भिजायला आणली की पोरं!"

वॉचमननं जरा विचार केला. मग मायेनं म्हणाला, "मग असं करा आजोबा. ऊन उतरल्यावर या!"

* * *

ऊन उतरल्यावर गेलो. कारंजी चालू होती, खरंच छान! खालून तांबडे-निळे दिवे. भोवतीनं मात्र दोरी, आणि दोरीला बोर्ड. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, त्यामुळं कुठंही बोर्ड दिसला की आरू मला वाचून दाखवते. मोठ्या झोकात तिनं वाचलं, "पाण्यात उतरू नये. हुकुमावरून." आणि वाचून झाल्यावर तिला कळलं, आपण काय वाचलं ते. तोंड एवढंसं झालं.

पोरीला वाचायला शिकवलं ते ह्याच्यासाठी?

"बघायचं, भिजायचं न्हाय," वॉचमन म्हणाला. "शोभेचं पाणी हाय."

प्यायचं पाणी मला माहीत आहे. वापरायचं माहीत आहे. गढूळ तर चांगलंच ओळखीचं. शोभेचं पाणी मी सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा बघितलं! चिन्नीनं दोरीखालनं नुसता अंगठा पुढं केला, तर शिट्टी वाजली. पोरगी दचकून रडायला लागली.

तेवढ्यात एक कुत्रं आलं. दोरीखालनं गेलं, मधोमध उभं राहिलं, चारी बाजूंनी भिजलं, लोळलं. वॉचमननं शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. कुत्रं काही हलेना.

आरू म्हणाली, "आज्जा, त्याला वाचता येत न्हाय."

* * *

मी कुणावर ओरडत नाही. घरातले म्हणतात तोच माझा दोष. पण त्या दिवशी डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी रफिककडनं अर्ज लिहून घेतला आणि गेलो महापालिकेच्या ऑफिसात.

पहिल्या टेबलावरच्यानं विचारलं, "अर्ज कशाबद्दल?"

"पोरांना भिजू द्यावं म्हणून."

त्यानं अर्ज न वाचताच माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "भिजायचं आमच्याकडं येत नाही. आमच्याकडं फक्त झाडं." झाडांवरून मला पाण्याकडं पाठवलं. पाणीवाले म्हणाले, "कारंजं मोटारीवर चालतं, ते लाईटवाल्यांचं." लाईटवाले म्हणाले, "मोटार आमची, पण पोरं आमची नाहीत. आरोग्याला विचारा."

आरोग्याच्या टेबलावर एक शांत बाई होत्या. त्यांनी अर्ज सगळा वाचला. तेवढंही कुणी केलं नव्हतं. म्हणाल्या, "बाबा, भिजल्यावर पोरांना काय होतं?"

"बरं वाटतं," मी म्हणालो.

"सर्दी होते," बाई म्हणाल्या, आणि अर्ज मला परत दिला!

* * *

मग रफिकला गावाबाहेरच्या वॉटर पार्कचा बोर्ड दिसला. तीन फुटांच्या आतल्या पोरांना फुकट! आरू आणि पवन कुठं बसणार तीन फुटांत? पण चिन्नी तरी भिजेल म्हणून गेलो. दारातल्या माणसानं पट्टी लावली. चिन्नी बसली बरोबर.

"ही फ्री," तो म्हणाला. "पण हिच्यासंगं मोठं माणूस पाहिजे. त्याला तिकीट."

"मी पाण्यात न्हाय उतरत. नुसता बाजूला उभारतो."

"उभारायचंच तिकीट आहे, बाबा."

मी आयुष्यभर टॉवेलच्या मागापुढं उभारलो. पाय सुजेपर्यंत उभारलो. पण उभारायला तिकीट लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. आतनं पोरांचा ओरडा ऐकू येत होता आणि आमची तिघं जाळीला नाक लावून उभी.

रफिकनं रिक्षा चालू केली. "चला तात्या, बसा. इथं उभारलोय त्याचं कुणी मागायच्या आत निघू या!"

* * *

परत येताना हायवेला गाड्या धुण्याचं सेंटर लागलं. एक मोठी पांढरी गाडी उभी होती आणि पोऱ्या नळीनं फवारा मारत होता. गाडीच्या पलीकडं पाण्याचे तुषार उडत होते. आमची पोरं न सांगता रिक्षातनं उतरली आणि जाऊन तुषारात उभी राहिली. कुणाचं काय गेलं? ते पाणी मातीतच चाललं होतं.

पण गाडीचा मालक धावत आला. "ए, व्हा बाजूला! पोरांच्या अंगावरचं पाणी उडतंय गाडीवर. डाग पडतील!"

पोरं बाजूला झाली. मी हळूच विचारलं, "साहेब, किती दिवसांनी धुता?"

"रोज. का?"

"न्हाय, आमच्याकडं पाचव्या दिवशी धुतोय."

त्याला बरं वाटलं. म्हणाला, "कुठली गाडी आहे तुमची?"

"गाडी न्हाय साहेब. पोरं."

* * *

नरसम्मा आमच्याबरोबर एकदाच आली, आणि तो किस्सा कट्ट्यावर सगळ्यात जास्त चालतो. दुपारचं लग्न होतं, रस्त्याकडंच्या लॉनवर. दारापाशी ते फवारा मारणारे मोठाले पंखे लावलेले. वारा पण, पाणी पण! पोरं त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. मी लाजून मागं थांबलो. नरसम्मा कशाला लाजते? तिनं पदर सोडून पंख्यासमोर धरला आणि डोळे मिटले.

फेटा बांधलेला एक माणूस आला. वरनं खालपर्यंत बघून म्हणाला, "आजी, तुम्ही कुणाकडचे? मुलाकडचे का मुलीकडचे?"

नरसम्मानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "आमी फॅनकडचे!"

इथपर्यंत सगळे हसतात. पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. त्या माणसानं पंख्याचं तोंड धरलं आणि फिरवलं सोफ्याकडं. सोफ्यावर कुणी नव्हतं!

* * *

सुट्टी संपत आली. आरूचा बाप परवा न्यायला येणार असा फोन आला. आणि त्याच दिवशी रफिक बोंबलत आला, "तात्या, चला! मेन रोडला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह फुटलाय! सकाळधरनं पोरं नुसती नाचायलीत!"

आमच्या गल्लीपासून पन्नास पावलं. जाऊन बघतो तर दोन माणसं उंच धार, आणि पलीकडच्या वस्तीतली वीसेक पोरं त्यात नाचतायत. बोर्ड नाही, दोरी नाही, शिट्टी नाही. तिकीट नाही! मी म्हटलं, देव आहे. आरूनं चपला काढून माझ्या हातात दिल्या. फ्रॉक खोचला.

आणि जीप आली.

कुणी तरी व्हिडिओ टाकला होता म्हणे, पाण्याची नासाडी चाललीय म्हणून. तासाभरात पाणीखात्याचे साहेब हजर! उतरले तेच तापून, "काय चाललंय हे? किती पाणी वाया चाललंय!"

"वाया कुटं, साहेब," मी म्हणालो. "पोरांवर चाललंय की."

साहेबांनी ऐकलं नाही. त्यांच्या माणसानं व्हॉल्व्हला पाना लावला, दोन फेरे दिले. धार बसली. ओली पोरं जिथल्या तिथं उभी राहिली. आमची कोरडीच होती.

मी साहेबांच्या मागं मागं जीपपर्यंत गेलो. "साहेब, आलाच हाय तर पन्नास पावलं आत या. गल्लीत नळाला धार न्हाय, दोन वर्षं अर्ज करतोय."

"ते गळती नाही ना?"

"गळायला पाणी तर यायला पायजे, साहेब!"

"मग ते माझ्याकडं येत नाही," म्हणाले, आणि गेले. आरूच्या चपला माझ्या हातातच होत्या.

* * *

आरू जायच्या आदल्या दिवशी आमचा पाण्याचा वार होता. चारच्या सुमाराला कुणी तरी ओरडलं, "आलंऽऽ!" आणि गल्ली धावली. पाण्याच्या वारी आमच्याकडं कुणी कुणाचं नसतं. हंडा, बादली, तपेली, लोटा, जे हाताला येईल ते नळाखाली. नळ चालू असताना पोरानं पाण्याला हात लावायचा नाही, हा गल्लीचा कायदा, आणि त्या कायद्याची फौजदार नरसम्मा! तिच्या पिंपाला कुलूप असतं. एकदा मी पाण्याच्या वारी पाय धुतले, तर आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

आरू पायरीवर बसली होती. पिशवी भरून तयार. महिनाभर रोज विचारायची, "आज्जा, आज कुटं?" त्या दिवशी तिनं विचारलं नाही. मला तेच सहन होईना. तिच्याकडं पाठ करून मी बादली भरत राहिलो.

नरसम्मा नळी धरून पिंप भरत होती. तिनं आरूकडं बघितलं. मग मला विचारलं, "कवा जातीया?"

"उद्या सकाळी."

"भिजली?"

मी मान हलवली. नाही.

पिंप अर्धं झालं होतं. नरसम्मानं नळी पिंपातनं काढली, तोंडाशी अंगठा दाबला आणि करंगळीएवढ्या धारेची पिचकारी करून सरळ आमच्या बुटक्या पत्र्यावर सोडली. तापलेला पत्रा चर्र करून वाजला. वाफ निघाली. आणि पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीतनं एक एक धार खाली आली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पवन ओरडला. चिन्नी धावली. आरू पायरीवरनं उठली, पिशवी तिथंच टाकली आणि धारांखाली शिरली. गल्लीतली सगळी पोरं आली. बायका हंडे हातात धरून नुसत्या उभ्या.

नरसम्माची सून सासूला तेलुगूत अत्ता म्हणते; ती आतनं किंचाळली, "अत्ता! अवो पिंप अर्धंच हाय! पाच दिवस काय करायचं?"

नरसम्मानं सुनेकडं बघितलं नाही. धार अजून उंच केली. ती स्वतःही चिंब झाली होती, आणि संतापलेली होती, असली संतापलेली मी तिला कधी बघितली नव्हती. तशीच माझ्याकडं वळून म्हणाली,

"तात्या, उभारलाय काय नुसतं? जावा, त्या सायबाला फोन लावा. नरसम्मा पाणी नासतीया म्हणून माझ्या नावानं तक्रार करा. तेवढ्यापायी तर येईल की मेला आपल्या गल्लीत!"