आमच्या जेट्टीवरची तिसरी बोट

माझ्या नवऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. कालगुर्लीच्या खाणीत म्हणे तो दिवसभर ‘नाही’च म्हणत असतो, कारण तिथे सुरक्षेचं काम त्याच्याकडे आहे. हेल्मेट नाही? मग आत जायचं नाही. पण तिथली दोन आठवड्यांची पाळी संपवून विमानाने पर्थला उतरला आणि गाडी चालवत घरी आला की त्या माणसाचं लोणी होतं. फोनवर कुणीही काहीही मागावं.

आमचं घर पर्थच्या दक्षिणेला, कालव्यांच्या गावात. पुढच्या दाराला रस्ता, मागच्या दाराला पाणी, आणि पाण्यात उतरणारी लाकडी जेट्टी. गावात प्रत्येकाकडे बोट. आमच्याकडे पापड. म्हणजे बोट घ्यायची घ्यायची म्हणता राहून गेली आणि जेट्टीवर माझ्या सासूबाईंनी वाळवण घातलं. त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि सीमा बंद झाल्यामुळे दोन वर्षं राहिल्या होत्या. खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन त्या सीगल पक्षी हाकलायच्या. समोरच्या किनाऱ्यावर वृद्धांचा निवास होता, मोठ्या काचेच्या खिडकीचा. तिथले म्हातारे रोज सकाळी काचेमागे बसून सासूबाई विरुद्ध सीगल हा सामना बघायचे. मला तर वाटतं, आपापसांत पैजाही लावत असतील.

त्या वर्षी राज्याची सीमा उघडली आणि करोना रीतसर आत आला. तोंडाला मास्क आले. तरी जुन्या लाकडी बोटींचा उत्सव उघड्यावर असतो म्हणून तो करायचं ठरलं. अडचण एकच होती. अंतर राखायचं म्हणून मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या बंदरात, एक जागा सोडून एक बोट लावायची होती. उरलेल्या बोटी जाणार कुठे? मग आयोजकांनी कालव्याकाठच्या लोकांना विनंती केली की ज्यांची जेट्टी मोकळी असेल त्यांनी पाहुण्या बोटींना जागा द्यावी. बोटवाल्यांना आमच्यासारख्यांचे नंबर मिळाले.

नवऱ्याला तीन फोन आले. तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा तो म्हणाला, “या ना! नो वरीज! घर आपलंच आहे!”

आता यात त्याचं काही चुकलं असं पुण्यातला कुणीही म्हणणार नाही. आपल्याकडे ‘या ना’ म्हणजे आमंत्रण नसतंच. ती सुरुवात असते. मग समोरचा म्हणतो, “कशाला उगाच त्रास?” आपण म्हणतो, “त्रास कसला?” मग तो म्हणतो, “बघू, कळवतो.” मग तो कळवत नाही, मग आपण रागावतो, आणि कुठे चौथ्या खेपेला वार ठरतो. नवरा बिचारा दुसऱ्या खेपेची वाट बघत होता. ऑस्ट्रेलियन माणसाने ‘या’ ऐकलं, ‘चिअर्स, मेट’ म्हटलं आणि पंचांगात लिहून टाकलं.

तिघांपैकी एकच माणूस आधी जागा बघायला आला. सत्तरीच्या पुढचा, उन्हाने भाजलेला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन बोलणारा. जेट्टीवर जाऊन तो उभा राहिला, पण त्याने ना पाण्याची खोली विचारली ना खांब हलवून बघितला. नुसता समोरच्या काचेकडे बघत राहिला.

“तिथे माझी बायको असते,” तो म्हणाला. “डावीकडून तिसरी खुर्ची. आता भेटायला आत सोडत नाहीत.”

मी म्हटलं, “फोनवर बोलत असाल ना?”

“मी बोलतो. ती नाही बोलत.” तो टोपी फिरवत राहिला. “तिला वाटतं मी आमची बोट विकली.”

झालं होतं असं, की बायकोला निवासात ठेवायची वेळ आली त्याच आठवड्यात बोटीचा तळ कुजलेला निघाला आणि ती पाण्याबाहेर काढावी लागली. गाडीतून जाताना बायकोने बघितलं, तर बोट बांधायची जागा रिकामी. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं. इकडे मला ठेवलं आणि तिकडे बोट विकली. आणि ती बोट तिचीच. चाळीस वर्षं सुकाणू तिच्या हातात, हा फक्त दोर ओढायला.

“फोटो दाखवले की,” तो म्हणाला. “नर्सने टॅबवर मोठे करून दाखवले. ही म्हणते, जुने आहेत. आता तळ नवा केलाय, परवाच पाण्यात सोडली. नुसती समोरून नेली तर म्हणेल, दुसऱ्या कुणाची तरी आहे. इथे बांधून ठेवली, तिला नीट बघू दिली, तर...” पुढचं त्याने टोपीला सांगितलं. मला ऐकू आलं नाही.

नवरा माझ्या मागे उभा होता. त्याने डोळे पुसले, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, अंतर आठवून हात मागे घेतला आणि म्हणाला, “यायचंच! शनिवारी संध्याकाळी, बोटींची परेड झाल्यावर या. दोन दिवस राहा!”

शुक्रवारी दुपारी दोन बहिणी एक चकचकीत लाँच घेऊन आल्या. मी स्वयंपाकघरातून बघितलं आणि नवऱ्याला हाक मारली, “अरे, या कोण?”

“अगं हो, या पण,” तो म्हणाला.

संध्याकाळी एक दाढीवाला आला. हा एवढा मोठा माणूस, त्याहून मोठी मासेमारीची जुनी बोट. ती त्याने बहिणींच्या लाँचला बाहेरून चिकटवून बांधली.

“आणि हा?”

“हा... हा पण.”

मी काही बोलले नाही. मी गप्प बसले की माझा नवरा जास्त घाबरतो. तेवढ्यात उत्सवाची एक स्वयंसेविका कयाक वल्हवत आली आणि गोड आवाजात सांगून गेली की उद्या परेड याच कालव्यातून जाणार आहे, एका जेट्टीला दोनच्या वर बोटी नकोत. तिसरी दिसली तर काढायला लावू.

“उद्या संध्याकाळपर्यंत काहीतरी होईल,” नवरा म्हणाला.

शनिवारी सकाळी आठ वाजताच म्हाताऱ्याचा फोन. निवासात आणखी एक जण पॉझिटिव्ह निघाला होता. दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांना आपापल्या खोलीत ठेवणार, खिडकीची मोठी खोली बंद, किती दिवस ते ठाऊक नाही. आणि बायकोची खोली मागच्या अंगाला, पार्किंगकडे. “मी निघालोय,” तो म्हणाला. “परेडसाठी अकराला कालव्याचं तोंड बंद करणार आहेत. त्याआधी आत आलं पाहिजे. जागा आहे ना?”

“नो वरीज,” नवरा म्हणाला, आणि फोन ठेवून खाली बसला.

मी मास्क लावला आणि बाहेर पडले. दोन बोटींपैकी एकीला दुसरीकडे जागा शोधायची होती. पहिल्या घरी जेट्टीवर बोट. दुसऱ्या घरी बोट. तिसऱ्या घरी बोट आणि कुत्रा. चौथ्या घरी मी घंटी वाजवली तर दारातून आवाज आला, “जवळ येऊ नकोस, लव्ह, मला झालाय!” मी रस्त्यावर पळाले, तसे ते गृहस्थ वरच्या बाल्कनीत प्रकटले, निळ्या ड्रेसिंग गाऊनमध्ये. मी रस्त्यावरून आणि ते वरून, असा आमचा संवाद झाला. नाटकात अशा वेळी खालचा माणूस गाणं म्हणतो. मी ओरडून जेट्टी मागितली. त्यांची बोट दुरुस्तीला गेली होती, जेट्टी रिकामी होती. “वापर की!” ते खोकत म्हणाले. “निदान बघायला काहीतरी होईल!”

मी धावत घरी आले. बहिणींची लाँच आतल्या बाजूला होती, म्हणजे हलणार होती ती दाढीवाल्याची. आणि दाढीवाला कुठे? तर आमच्या मागच्या अंगणात, टेबलाशी, सासूबाईंच्या तावडीत सापडलेला. समोर ताट. ताटात थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला दही आणि लसणाची चटणी. दुसरं थालीपीठ तव्यावर, तिसरं सासूबाईंच्या हातावर थापून तयार.

मी त्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस लगेच म्हणाला, “अर्थात हलवतो! पण इंजिन जुनं आहे. आधी गॅसच्या ज्योतीने त्याचं डोकं तापवावं लागतं, मग सुरू होतं. आत्ताच लागतो.” आणि उठायला लागला.

“बस खाली,” सासूबाई मराठीत म्हणाल्या. तो बसला.

“अहो आई, त्याला जाऊ द्या.”

“पानावरून उठवायचं माणसाला? माझ्या हातून नाही व्हायचं. अर्धं थालीपीठ आहे ताटात.”

“आई, वेळ नाहीये!”

“दोन घास आहेत गं. आणि तव्यावरचं कोण खाणार? त्याच्या नावाचं आहे ते.”

“अरे, तू तरी सांग यांना,” मी नवऱ्याला म्हटलं. खाणीतून शंभर लोकांना बाहेर काढू शकणारा माझा नवरा तव्याकडे बघत म्हणाला, “आईचं पण बरोबर आहे.”

मग मी खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसले आणि त्या म्हाताऱ्याची सगळी कथा मराठीत सांगितली. टोपी, तळ, टॅबवरचे फोटो, डावीकडून तिसरी खुर्ची. सासूबाईंनी गॅस बंद केला. त्यांनी मागे पुण्यात राहिलेल्या माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांत फक्त फोनच्या पडद्यावर बघितलं होतं, तेही निम्म्या वेळा नुसतं कपाळ.

“ती हिरवी शाल घेऊन बसते ती का?” त्यांनी विचारलं. “सीगल उडाला की टाळ्या वाजवते. कोणाच्या बाजूने वाजवते ते काही कळत नाही.” मग पदर खोचला. “त्याला म्हणावं, इंजिन तापव.”

“पण पानावरून...”

“पान त्याच्यामागे जाईल.”

आणि गेलं! आधी दाढीवाला ज्योत पेटवून इंजिनाजवळ बसला, आणि सासूबाई त्याच्या शेजारी ताट धरून, त्याचे हात काळे म्हणून स्वतः घास मोडून देत होत्या. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. मला वाटलं, आता या उतरतील. कसल्या उतरतात! बोट सुटली तेव्हा सुकाणूवर दाढीवाला, गळ्याशी ओढलेला मास्क, तोंडात थालीपीठ. आणि बाजूला माझ्या सासूबाई, सुती साडीवर नारिंगी लाइफजॅकेट, एका हातात ताट, दुसऱ्या हाताने दही वाढतायत. कालव्यात चालण्याच्या वेगाने बोट हाकायची असा नियम आहे, म्हणून ही मिरवणूक चार घरं ओलांडेपर्यंत दोन्ही किनाऱ्यांवरच्या लोकांना यथासांग दर्शन झालं. बाल्कनीतल्या ड्रेसिंग गाऊनने उभं राहून सलाम केला.

नवरा काठाकाठाने धावत गेला, तिकडचे दोर पकडायला. मी आणि दोघी बहिणी इकडे मोकळ्या झालेल्या पाण्याकडे बघत राहिलो. अकराला थोडाच वेळ होता. कयाकवाली कालव्याच्या तोंडाशी पिवळी दोरी घेऊन तयारच होती.

मग वळणावरून ती आली. लहानशी, पांढरी, केबिन निळी, कुठेही घाई नाही. कयाकवालीने दोरी वर उचलून तिला आत घेतलं आणि तिच्यामागे तोंड बंद केलं. म्हाताऱ्याने बोट बहिणींच्या लाँचला लावली, दोर फेकला, मी तो आयुष्यात पहिल्यांदाच पकडला आणि साडीत पाय अडकून पडता पडता बांधला.

समोर काचेमागे खुर्च्यांची रांग होती. तिसऱ्या खुर्चीत हिरवी शाल. म्हातारा डेकवर जाऊन उभा राहिला, दोन्ही हातांत टोपी. हात हलवला नाही, हाक मारली नाही. जसा काही आपण मध्ये आलो तर बोट दिसणार नाही, म्हणून एका बाजूला सरकून उभा होता.

हिरवी शाल हलेना. नर्सने खुर्ची पुढे काचेपर्यंत ढकलली. बाईंनी कपाळ काचेला टेकवलं. माझ्या शेजारी बहिणींपैकी एक नाक ओढत होती, दुसरी तिला गप्प करत होती.

मग काचेमागे हाताचं एक बोट वर आलं आणि खाली, डावीकडे, कशाकडे तरी टोचून दाखवायला लागलं. पुन्हा पुन्हा. नर्स वाकली, काहीतरी ऐकलं आणि खिशातून फोन काढला.

म्हाताऱ्याचा फोन वाजला. त्याला कमी ऐकू येत होतं म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला, आणि आम्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. बारीक, पण चाळीस वर्षं हुकूम सोडलेला.

“पुढचा दोर ढिला आहे. कोणी बांधला तो?”

मी हळूच दोर सोडला.

“नवीन मुलगी आहे,” म्हातारा म्हणाला. मला मुलगी म्हणाला म्हणून मी सगळं माफ केलं.

“ओढ. अजून. एवढा नको, घासेल. हां.” मग श्वास घेतल्याचा आवाज. “आणि हा निळा कुठून आणलास?”

“तूच निवडलेला. तोच डबा आहे.”

“मी? असला निळा? शक्य नाही.”

“अगं, तूच म्हणालीस, आकाशासारखा हवा.”

“कुठलं आकाश असं असतं?”

परेड सुरू झाली. जुन्या बोटी एकामागून एक भोंगे वाजवत समोरून जायला लागल्या. दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना, म्हणून म्हातारा डेकवरून ओरडत होता आणि ती काचेमागून, आणि नर्स फोन धरून हसत उभी होती. लोक आमच्या जेट्टीकडे बघून हात हलवत होते. त्याने एकदाही परेडकडे बघितलं नाही.

शेवटची बोट गेली, भोंगे थांबले, पाणी शांत झालं. निळ्यावरून त्यांचं चालूच होतं.