उंदराचं आन माझ्या पोरीचं तांबं

आमच्या खटकचिंचोळी गावात माझ्या जिभेला सगळे भितेत. पटलं न्हाई की मी तोंडावर सांगते, आन ऐकते कुणाचंच न्हाई. पोरगी चौदाची झाली आन तिचे डोळे पिवळे पडले, हात थरथरायला लागला. मी म्हणले, पोटातली उष्णता हाय, दुसरं काय. रोज सकाळी तिला उपाशीपोटी तांब्याच्या भांड्यातलं, रातभर ठेवलेलं पाणी पाजलं. हात जास्तच थरथरायला लागला, तवा एका भांड्याचे दोन केले.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी रक्त, लघवी तपासली आन म्हणले, "अक्का, हिच्या लिव्हरमध्ये तांबं साठलंय."

"तांबं तर औषध हाय," मी म्हणले. "आमच्या घरात सगळेच पितेत, कुणाला काय झालंय?"

त्यांनी शांतपणे समजावलं. तांबं भुईमुगाच्या शेंगात असतंय, तिळात, डाळीत असतंय. जादाचं लिव्हर पित्तावाटे बाहेर काढतंय आन त्या कामाचं एक जीन असतंय. पोरीला ते बापाकडूनबी बिघडलेलं आलंय, माझ्याकडूनबी; आमच्या दोघांकडं जोडीचं एक-एक चांगलं हाय, म्हणून आमचं भागतंय. पाण्यानं भर पडली, पन मूळ ते न्हाई. म्हंजे दोषातून भांडं सुटलं, मी काय सुटले न्हाई. तिथंच खुर्चीत बसून लई रडले.

मला गप्प करायला असंल, त्यांनी उंदरांचं सांगितलं. लॅबमध्ये एका जातीचे उंदीर असतेत, त्यांचं हेच जीन जन्मापासून बिघडलेलं. त्यांनाबी कावीळ होतीय, लिव्हर जातंय. औषध दिलं की वाचतेत. मी रडायचंच विसरले. ज्वारीच्या पोत्याला भोक पाडणाऱ्या ज्या उंदराला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्या पोटात माझ्यासारखंच जीन बसलंय आन न सांगता काम करायलंय. किती ठेवायचं, किती टाकायचं, हे त्याला कुणी शिकवलं? मला इतक्या वर्षांनी अजून भाजीतलं मीठ चुकतंय. तिथल्या तिथं हात जोडावे वाटलं, पन कुणाला जोडायचे ते कळंना.

गोळ्या सुरू झाल्या. शेंगाची चटणी बंद झाली, त्याच्यावरून पोरीनं आठ दिवस अबोला धरला. पहिले काही महिने कायबी फरक न्हाई. पोरगी हातची जातीय, असंच मला वाटायचं. वर्ष होत आलं आन एका दुपारी, फाटलेली उशी शिवायला बसली तवा, तिनं सुईत दोरा ओवला. पहिल्याच दमात.

शिवता शिवता ती म्हणली, "आई, ते लॅबमधले उंदीर बरे झाल्यावर त्यांचं काय करतेत गं?"

हे मी डॉक्टरांना एकटीनं विचारलं व्हतं. लिव्हर सुधारलं का बघायला त्यांना मारावं लागतंय, असं त्यांनी सरळ सांगितलं व्हतं. मी पोरीशी कधी खोटं बोलले न्हाई, कडू असलं तरी सांगत आले. तिच्या हाताकडं बघितलं. टाका सरळ पडायलता.

"सोडून देतेत," मी म्हणले. "उसात."